सशाकडे की अस्वलाकडे

“त्या सशाच्या रिसॉर्टमध्ये खोल्यांना कुबट वास येतो बाई,” मोठ्या जाऊबाई कुरकुरल्या. “सुट्टीत पोरांना अस्वलाचं पार्कच बरं,” दिरांनी री ओढली. “घसरगुंडी केवढी उंच तिथली!” सासूबाईंना म्हणे अस्वलाकडचेच पाळणे सोसतात, जणू त्या रोज झुलून येत होत्या. धाकटी सून मांडीवरच्या हातभर लांब, केसाळ, पांढऱ्या कानाला टाके घालत होती. नवऱ्याच्या ड्युटीवर कुणा वात्रट कार्ट्याने तो ओढून उसवला होता. कानाकडे मात्र कुणीच बघत नव्हतं. खुद्द नवराही मान खाली घालून म्हणाला, “अस्वलाकडेच जा सगळे.” तिने दाताने दोरा तोडला. “वास नि घसरगुंडी कशाला पुढे करता? पोरांना हसवणाऱ्या त्या सशाच्या पोशाखात आमचे हे असतात, त्याची लाज वाटते तुम्हाला. खुशाल जा अस्वलाकडे. मी सशाला भेटायच्याच रांगेत उभी राहणार आणि सगळ्यांदेखत ह्यांना मिठी मारणार.”