तांबं वाहणारं चिमुकलं प्रथिन

"अगं, निळी रेघ अजून जेलमध्येच आहे! ती तळातून बाहेर पडेपर्यंत थांबायचं असतं," प्रयोगशाळेतला सहकारी सुहृद म्हणाला.

"तोवर दिवस मावळेल. श्रावणी सोमवार आहे, उपास सोडायला घरी नको का जायला?" प्रथिनांना जेलमधून खाली ओढणारा करंट केतकीनं बंद केला. जेलमधली प्रथिनं रात्रभरात पट्टीवर उतरतील अशी सोय केली आणि ती निघाली.

पेशीच्या ऊर्जाघरात तांबं पोचवणारं एक चिमुकलं प्रथिन तिला शोधायचं होतं. तीनदा पट्टी कोरीच निघाली होती. त्याला हुडकणारी अँटीबॉडी आता एकाच खेपेपुरती उरली होती. "या वेळी नाही दिसलं तर संशोधनाचा विषय बदल," तिच्या मार्गदर्शक वझे मॅडमनी बजावलं होतं.

मंगळवारी अँटीबॉडी लावल्यावर पट्टीवर काळीभोर रेघ उमटली. केतकीचे हात आपोआप जुळले.

"काय वेगळं केलंस?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम. काल उपास होता, म्हणून जेल लवकर थांबवलं."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "एवढंसं प्रथिन! जेवढं लहान तेवढं वेगानं धावणार. दर वेळी निळ्या रेघेबरोबर जेलच्या खालून निसटून जायचं, आणि आपण अँटीबॉडीला नावं ठेवत होतो!"

"मग माझा विषय राहिला?"

"राहिला. नवी अँटीबॉडी मागवते. आता उपास नसलेल्या दिवशीही दाखव म्हणजे झालं."