समुद्र नसलेला देश

“विकिपीडिया बंद कर,” शिवदास विजयकर म्हणाले. “त्याच्या जिवावर वाद घालणाऱ्याला आम्ही परिषदेच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं.”

क्रांती नाखवाने लॅपटॉप मिटला नाही. “मग काय वाचू, ते सांगा.”

विजयकरांना हा सूर आवडला. परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन ते मांडव्याजवळच्या या बंगल्यात राहायला आले, तेव्हापासून त्यांच्या ज्ञानाची कुणालाच गरज पडली नव्हती. शनिवारच्या बोटीने येणारे पाहुणे कोळंबीची चौकशी करत, करारांची नाही. आणि आता गावातली ही कॉलेजची पोरगी आपण होऊन दारात आली होती. विद्यार्थ्यांची अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा आहे, मी प्रतिनिधी आहे, संदर्भ कसे शोधायचे ते शिकवा, म्हणाली. साहेब खुशीत आले नसते तरच नवल.

“देश कुठला मिळालाय?”

“काल्पनिक आहे, सर. समुद्र नुसता दिसतो. मध्ये शेजाऱ्याची जमीन. आधी तिथून जाऊ देत होते, आता वाट बंद केलीय. आम्ही हरलो तर आमच्या माणसांना समुद्र कायमचा गेला.”

“आमची माणसं! शाब्बास. अर्धी लढाई इथेच जिंकलीस.”

केसरने चहा आणला. ती बंगल्यात स्वयंपाकाला होती. “उशीर केलास गो पोरी?”

“वळसा पडतो ना, काकी.”

विजयकरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पडवीत येरझारा घालत होते. समोर नारळाची झाडं, त्यापलीकडे दिवाळीत बांधून घेतलेली नवी दगडी भिंत. ती झाल्यापासून वाडीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ थांबली होती आणि साहेबांना दुपारची झोप लागू लागली होती. आज मात्र झोपेचं नाव नव्हतं.

“बातमी हा पुरावा नव्हे. बातमी ज्या मूळ कागदावर उभी आहे, तो शोध. समुद्र कायद्याच्या कराराचा दहावा भाग काढ. समुद्र नसलेल्या देशांचे हक्क त्यात आहेत. मग आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा साठ सालचा निकाल. पोर्तुगाल विरुद्ध भारत.”

“आपल्याविरुद्ध?”

“हो! घाबरतेस कशाला? दमण ते दादरा-नगरहवेलीची वाट. न्यायालय म्हणालं, फौजेला हक्क नाही, पण साधी माणसं आणि माल इतकी वर्षं बिनबोभाट जात आले, तेव्हा त्यांची वाट हा हक्कच झाला होता.”

“माल म्हणजे काहीही? डोक्यावरून नेलेलाही?”

“काहीही.”

“आणि वापर होता हे दाखवायला म्हाताऱ्या बायकांच्या जबान्या चालतील?”

“पळतील! जुने नकाशे जोड म्हणजे झालं.”

पोरगी रोज येऊ लागली. पुस्तकं, निकाल, भाषणं, सगळं वाचून यायची आणि वर साहेबांशीच हुज्जत घालायची. एकदा तिने विचारलं, “शेजारी मोठा माणूस असेल, म्हणजे मोठा देश असेल, आणि ऐकेचना, तर?”

विजयकर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “तर भर सभेत त्याच्याकडे बोट दाखवायचं! मोठ्यांपुढे मान खाली घातलीस तर माझं नाव सांगू नकोस.”

“सांगणार सर. तुमचंच नाव सांगणार,” ती म्हणाली.

रविवारी विजयकर ठेवणीतला बंदगळा चढवून गावच्या शाळेत पोचले. सभागृह खचाखच भरलं होतं. व्यासपीठावर सरपंच येसूबाई. पोरांच्या खेळासाठी खुद्द सरपंच अध्यक्ष झाल्या, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या पाट्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. केसरही त्यांच्यात होती. साहेब तिच्या शेजारी बसायला गेले, तशी ती थोडी सरकली.

क्रांती उठली. कागद हातात न घेता बोलली. दहावा भाग, साठचा निकाल, माणसं आणि माल, सगळं बरोब्बर जागच्या जागी. आवाज एकदाही कापला नाही. विजयकरांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. ऊर भरून आला होता त्यांचा. बायकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं, तेव्हा सगळ्यांत मोठी टाळी त्यांचीच होती.

“आता शेजाऱ्याने उत्तर द्यावं,” येसूबाई म्हणाल्या.

व्यासपीठाजवळची एक खुर्ची रिकामीच होती. विजयकर केसरकडे वाकून हळूच म्हणाले, “समोरचा प्रतिनिधी घाबरून आलाच नाही वाटतं?”

“आलाय की, सायेब,” केसर म्हणाली. “भिंत तुमची, तर शेजारी दुसरा कोन असंल?”