डावा कान

काचेच्या खोलीत थोरली एकटीच बसली होती. कानांवर जाड हेडफोन, हातात वायरला लोंबणारं बटण. समोरच्या काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई मशीनपाशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागच्या काचेच्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. बाकावर आई आणि धाकटी. आई धाकटीच्या उजव्या बाजूला. हल्ली ती जागा आईचीच झाली होती. जेवताना, टीव्ही बघताना, झोपतानासुद्धा.

"शिट्टी ऐकू आली की दाबायचं," बाईंनी सांगितलं होतं. "कितीही बारीक असली तरी."

धाकटीची तपासणी नुकतीच आटोपली होती. उजवा कान ठणठणीत. डाव्याची आता आशा धरू नका, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यावर आई पुन्हा तेच म्हणाली, "पण लस दिलीय हो दोघींनाही. एकही डोस चुकवलेला नाही." जणू हे ऐकून मशीनच आपलं म्हणणं मागे घेणार होतं. लसीमुळे बहुतेकांना गालगुंड होत नाही, झालंच तर थोडक्यात निभावतं, एखाद्याच्याच कानावर जातं, असं बाईंनी तिला समजावलं. मग थोरलीकडे बघून म्हणाल्या, "हिलाही झालं होतं ना? हिचेही कान बघून घेऊ."

झालं होतं म्हणजे काय, शाळेतून ते घरी आणलं थोरलीनेच. तिचे गाल फुगले, दुखले आणि उतरले. धाकटीचे तर नीट फुगलेही नाहीत, आणि एका सकाळी ती फोन डाव्या कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत बसली. त्यावरून थोरलीला घरात कोणी चकार शब्दाने बोललं नव्हतं. खरं तर हल्ली तिला कोणी कशावरूनच फारसं बोलत नव्हतं, आणि तेच तिच्या पोटात दुखत होतं. धाकटीला तळहाताच्या फोडासारखं जपायचं, आणि थोरलीने हाक मारली की "थांब गं जरा." दोन्ही कान धड असल्याची ही बक्षिसी!

उजव्या कानात शिट्टी आली. तिने दाबलं. त्याहून बारीक आली. दाबलं. दर वेळी मशीनवर हिरवा दिवा लागत होता. तो बाहेरूनही दिसे. धाकटीच्या वेळी आईने त्याच्यावरची नजर हलवली नव्हती. आता ती धाकटीची वेणी घालत होती.

मग शिट्टी डाव्या कानात आली. थोरलीने दाबलं नाही.

ठरवलं वगैरे काही नव्हतं. अंगठा बटणावर नुसता राहिला. शिट्टी वाढली. तिने चेहरा कोरा ठेवला. आणखी वाढली, इतकी की डोकं घणघणलं. दिवा लागेना. आईने मध्येच मान वर केली आणि तिच्या हातातली वेणी अर्धवट सुटली. ती उठून दारापाशी आली. दोन्ही तळवे काचेला टेकवून थोरलीकडे, फक्त थोरलीकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

थोरलीला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

शिट्टी थांबली. बाईंनी माइक जवळ ओढला. डाव्याच कानात त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"अगं शहाणे, एक कान गेला तरी एवढी मोठी शिट्टी डोक्यातून दुसऱ्या कानाला पोचतेच. तुझ्या बहिणीलाही पोचली, तिनेही दाबलं. तुलाच तेवढी कशी आली नाही?"

थोरलीच्या कानशिलांची आग झाली. मान खाली घालावी, तर ऐकू आल्याचं कळेल. ती तशीच ताठ बसून राहिली.

"सोंगाचं मला नवल नाही गं," आवाज म्हणाला. "मघाशी तिनेही केलं. शिट्टी दिलेली नसतानाही दाबत सुटली होती. का गं, म्हटलं, तर म्हणते, मला ताईसारखं ऐकू यायला हवंय. तुमच्या आईला मी हे सांगितलेलं नाही. तुझंही सांगणार नाही. चल, पुन्हा देते."

शिट्टी आली. आहे की नाही अशी. थोरलीने आईकडे पाहिलं. तळवे अजून काचेवरच होते. इतकं टक लावून तिच्याकडे कोणी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. ती शिट्टी तिने जाऊ दिली. पुढची आली, तेव्हा दाबलं.

दिवा लागला. आईने डोळे मिटले, तळवे काढले आणि धाकटीकडे वळली.

थोरली बाहेर आली तशी आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. "जीव घेतलास माझा! लक्ष कुठे होतं तुझं?" आणि उत्तराला न थांबता ती बाईंशी बोलायला आत गेली.

थोरली बाकावर बसली. बसल्यावर लक्षात आलं की आपण धाकटीच्या डाव्या बाजूला बसलोय. धाकटीने अख्खं अंग वळवून तिच्याकडे तोंड केलं.

"ताई, डाव्या कानात आली तुला शिट्टी?"

"आली."

"मोठी?"

"नाही गं. एवढीशी." थोरलीने दोन बोटांमध्ये किंचित फट ठेवून दाखवली.

धाकटी त्या फटीकडे बघत राहिली.

"मला एवढीशीसुद्धा चालली असती," ती म्हणाली.