न कापलेली पृथ्वी

कात्री कोणीच उचलली नाही.

आठवीच्या वर्गात एकोणीस मुलं गोल करून बसली होती. मध्ये रंगीत घोटीव कागद, रद्दी, दोऱ्याचं रीळ आणि आठ कात्र्या. पौर्णिमाने दिलेलं काम अगदी सोपं होतं. चार रंगांची चार वर्तुळं कापायची आणि मोठ्यावर लहान अशी चिकटवायची. भूकवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा. झालं पृथ्वीचं पोट उघडं. एरवी ही मुलं कात्रीसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटायची. आज सगळ्यांचे हात पाठीमागे होते.

वर्गाच्या शेवटी खुर्ची टाकून केंद्रप्रमुख राजेश सर बसले होते. ते सकाळीच कर्जतहून मोटरसायकलवर आले होते. पौर्णिमाची शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं भरत आली होती. आजचा पाठ बघून सर शेरा लिहिणार आणि त्या शेऱ्यावर तिची नोकरी कायम व्हायची की लटकायची ते ठरणार. गेले आठ दिवस तिने दुसरा विचार केला नव्हता.

"काय झालं रे? करा सुरू."

मुलांनी कोंडीकडे पाहिलं. कोंडी डोंगरावरच्या वाडीतली, वर्गात सगळ्यांत धीट. ती उभी राहिली.

"बाई, आज नागपंचमी हाय. आज काय कापत नाय."

पौर्णिमाला स्वतःचाच राग आला. शाळेला सुट्टी नव्हती म्हणून पाठासाठी ही तारीख चालली होती, पण सणाचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. येणार तरी कसं? शेलूच्या तिच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडील म्हणायचे, पटेल तेच मानावं. नागपंचमीला आई रोजच्यासारखी विळी घेऊन भाजी चिरायला बसायची.

"अगं, हा कागद आहे. कागदाला कसली नागपंचमी?"

"आज भुईला नांगर लावत नाय, बाई. आन तुमी तर अख्खी पिरथमी कापायला सांगता."

कोणी हसलं नाही. मागून सरांचं खाकरणं ऐकू आलं. अंधश्रद्धा हा शब्द पौर्णिमाच्या जिभेवर आला होता. तिने हुकूम सोडला असता तर मुलांनी निमूट कापलंही असतं. पण ते करतानाचे त्यांचे चेहरे तिला बघवले नसते. तिने कात्र्या गोळा करून कपाटात ठेवल्या.

"बरं, नका कापू. न कापता पृथ्वी करून दाखवा."

बोलून गेली खरी. न कापता कशी करायची ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

मुलांना मात्र ते विचारावं लागलं नाही. रद्दीचे बोळे झाले. बोळ्यांवर लाल कागद चढला, लालवर नारिंगी, वरून तपकिरी. दोरा गुंडाळला. कोणी "घट्ट आवळ रं" म्हणून ओरडत होतं, कोणी "ढिलं सोड गं" म्हणून. वीस मिनिटांत टेबलावर सहा पृथ्व्या तयार झाल्या, लाडवासारख्या गरगरीत. बाहेरून सगळ्या सारख्याच तपकिरी. अडचण तीच होती.

राजेश सर उठून आले. त्यांनी एक पृथ्वी उचलून फिरवून पाहिली.

"मेहनत घेतलीय पोरांनी. पण मॅडम, यात थर दिसणार कुठे? कापल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडलं. पौर्णिमालाही सरांचंच म्हणणं बरोबर वाटत होतं. तीन वर्षं गेली पाण्यात, असं ती मनाशी म्हणाली.

"हालवून कळंल, सर," कोंडी म्हणाली. तिने आपली पृथ्वी सरांच्या कानाशी नेली आणि हलवली. आत काहीतरी गडगडलं. "आत गोटा हाय. बाई म्हनल्या, मधला गाभा घट्ट आन त्येच्या भायेरचा पातळ. म्हनून मी गोट्याभवती ढिलं गुंडाळलं. कापायला कशाला पायजे?"

सर मोकळेपणाने हसले. "असं हलवून कुठं शास्त्र कळतं होय गं?"

सर हसले म्हणून वर्गही हसला. पौर्णिमाच्याही ओठांवर हसू आलं आणि तिथेच थांबलं. परीक्षेसाठी तो धडा तिने घोकला होता. त्याचे पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. मुलांना तो तोंडपाठ शिकवलाही होता. तो आज पहिल्यांदा तिला समजला.

"कळतं, सर," ती म्हणाली. "असंच कळलंय. पृथ्वी आजवर कोणीच कापलेली नाही. माणसाने पाडलेलं सगळ्यांत खोल भोक बारा किलोमीटरचं आहे. त्यात वरचं कवचसुद्धा ओलांडलं गेलं नाही. भूकंप होतो तेव्हा पृथ्वी हलते. त्या लहरी आत कुठे वळल्या, कुठे अडल्या, ते बघून हे चारही थर शोधले. पुस्तकातलं कापलेलं चित्र त्यानंतर काढलंय."

मुलं टेबलावरच्या पृथ्व्यांकडे नव्याने पाहू लागली. कोंडीला मात्र यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

राजेश सरांनी पृथ्वी पुन्हा कानाशी धरली. हलवली. थांबले, परत हलवली. मग ती जपून टेबलावर ठेवून त्यांनी काखेतला अहवाल उघडला आणि शेरा लिहिला, 'कायम करण्यास योग्य'. खाली सही केली.

"बावीस वर्षं हा पाठ मी कांदा कापून शिकवला, मॅडम," मान वर न करता ते म्हणाले. "डोळ्यांतून पाणी आलं, पण पृथ्वी कोणी कापली, हा प्रश्न काही मनात आला नाही."