पन्हाळ्यावर बिंग फुटलं

"काका, ह्या अंधारबावेच्या विहिरीत भूत हाय का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून दानेश्वरीनं शाळेच्या सहलीत गाईडला बिनधास्त विचारून टाकलं. गाईड मात्र कर्नाटकातून आलेल्या आज्ज्यांना मराठीत गड समजावून रडकुंडीला आला होता.

"एनंदळु?" पोरगी काय म्हणाली, ते एका आज्जीला कळेना. दानेश्वरीनं पटकन सांगितलं. कानडीत!

"आगं ए! तुला कानडी येतंय व्हय?" मैत्रिणी ओरडल्या.

झालं, बिंग फुटलं! घरी सगळे कानडीच बोलायचे, पण मैत्रिणी चिडवतील म्हणून तिनं बजावून ठेवलं होतं, शाळेच्या दारात फक्त मराठी बोलायचं.

"बाई, तू आता हलायचं न्हाईस!" गाईडनं तिला पुढं उभं केलं. मग दानेश्वरीनं अख्खा गड कानडीत सांगितला, वर पदरची दोन भुतंही घातली. आज्ज्या हसून हसून बेजार झाल्या.

"आमालाबी शिकीव की! आदी शिव्या!" मैत्रिणी मागंच लागल्या.

संध्याकाळी शाळेच्या दारात अप्पांबरोबर न्यायला आलेली तिची आई, अव्वा, पाठ केल्यासारखं मराठीत म्हणाली, "आलीस का, बाळ?"

दानेश्वरी बसच्या पायरीवरूनच ओरडली, "अव्वा, अप्पा, ठरलं! आजपास्नं मला सगळ्यांसमोर कानडीतच हाक मारायची. आणि जरा मोठ्यानं!"