डागांचं कारण

कोंबडीखाद्यातलं तेल खवट होऊ नये म्हणून मिसळायचं इथॉक्सिक्विन बाटलीत फिकट पिवळं असतं. हवा लागली की तपकिरी होतं. कातडीवर सांडलं तर डाग पडतात. येडशीजवळच्या खाद्य कारखान्यात ते तपासणारी वर्षाराणी अंगावरच्या डागांना दोन वर्षं हेच कारण सांगत होती.

आज सकाळी नवऱ्यानं तिला केसाला धरून भिंतीवर आपटलं, पट्ट्यानं झोडपलं. बक्कल लागून दंडाची कातडी फाटली. तशीच ती कामावर आली.

"पुन्हा औषध सांडलं," ती सोबतच्या मेहनाजला म्हणाली.

"दरवेळी तुमच्याच अंगावर सांडतं व्हय, ताई? ते औषध बंद होऊन तीन महिने झाले की. उरलेले डबे तुम्हीच परत पाठवलेत."

 

"मेहनाज, माझ्यासंगं पोलीस ठाण्यात चल. मला नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायचीय."