मोगऱ्याचा चार्ज

मोगऱ्याच्या पाचव्या झाडाशी सीतारामरावांचा दम संपला. छाटणीची कात्री मातीत टेकवून ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागले. त्यांची बायको जयलक्ष्मीबाई मागच्या पायरीवर उभी होती. तिने पाणी पुढे केलं नाही. सकाळपासून चार वेळा केलं होतं आणि चारही वेळा त्यांनी हातानेच थांब म्हटलं होतं. आता तीही कंटाळली होती.

तमिळ कार्तिगै महिना संपत आला होता, डिसेंबर निम्मा झाला होता. त्या मुलखातल्या हिवाळी पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती आणि तेवढ्यात परसातलं सगळं उरकायचं असा म्हाताऱ्याने चंग बांधला होता. केळींना बांबूचे टेकू लागले, कुंड्या विटांवर चढल्या, पन्हळीतली पानं निघाली, शेवग्याच्या लांब फांद्या वाऱ्याने मोडायच्या आधीच उतरवल्या गेल्या. एरवी ही कामं पंधरा दिवस रमतगमत चालायची. यंदा तेवढा वेळ नव्हता. सोमवारी त्रिचीला ऑपरेशन होतं. हृदयाची झडप बदलायची होती, आणि सत्तरीच्या माणसाचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर दोघांच्या तोंडावरच म्हणाले होते.

राहिला होता भिंतीकडेचा मोगरा. आठ झाडं. थंडी लागताना त्याला गुडघ्याइतका कापायचा, उरलेलं एकूण एक पान हाताने ओरबाडायचं आणि पाणी तोडायचं. मग तो नुसत्या काटक्या होऊन उभा राहतो आणि मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात उन्हं तापू लागली की, फुलतो. तीस वर्षं हे काम सीतारामरावच करत आले होते. जयलक्ष्मीबाईचा संबंध फक्त फुलांशी.

"हिकडे ये," ते म्हणाले. "हें सहावं तूं काप. मी पाहतों."

"मज येत नाहीं."

"म्हणूनच सांगतों. हें परसांतलं तोट्टम सगळं तुझ्याकडे चार्ज देऊनु जातों. मोटरीचा स्विच काल दाखवला. केळींचं सांगितलं. आतां हें एकच राहिलं."

तेहतीस वर्षं तालुका कचेरीत काढलेल्या माणसाला मरायचंसुद्धा रीतसर असतं! दोन दिवस जयलक्ष्मीबाई मुकाट्याने ऐकून घेत होती. कपाटाची दुसरी किल्ली कुठे, नारळ उतरवायला कुणाला बोलवायचं, पन्हळ कुठे तुंबते. ऐकलं, मान हलवली. पण मोगरा तिला शिकायचा नव्हता. ती पायरीवरून हललीच नाही.

"यंदा कापूं नका," ती म्हणाली. "रोज मूठभर तरी फूल येतें. तेवढं असूं दे."

"नाहीं कापलं तर मासींत काय येईल? नुसतीं पानं."

"मासींत फूल येऊनु घालायचं कोणी?"

नवरा गेलेल्या बाईने केसात फूल माळायचं नाही, हे त्यांच्या गल्लीत हल्ली कुणी बोलून दाखवत नाही. चार बायकांत फुलाचं ताट फिरतं आणि तिच्यापाशी आलं की हळूच पुढे सरकतं, इतकंच. जयलक्ष्मीबाईने ते आपल्या थोरल्या बहिणीपाशी सरकताना पाहिलं होतं. तेव्हा तिने स्वतः फूल उचललं होतं आणि काही बोलली नव्हती.

"तूं घाल," ते शेवटी म्हणाले. "कोण काय म्हणेल म्हणूनु सोडूं नको. मीच सांगतों, घाल."

"सेरी, बरें. म्हणजे तेंही चार्जांतच कां?"

त्यांनी कात्री उचलून तिच्याकडे धरली. तो हात ते तसा किती वेळ धरून ठेवतील याचा नेम नव्हता. जयलक्ष्मीबाई खाली उतरली आणि तिने कात्री घेतली.

"त्या गाठीच्या वरतीं धर," ते म्हणाले. "तिरपं काप. मग पानं काढ. एक पानही ठेवूं नको."

ती सहाव्या झाडापुढे उभी राहिली. झाडावर सात-आठ कळ्या होत्या. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. भिंतीकडे तोंड करूनच तिने विचारलं,

"पापनाशमहूनु तुमची बदली झाली, तेव्हां काय झालं?"

"आतां पापनाशम कां?"

"सांगा. ऑर्डर आली. सामान बांधूनु झालं. पोरीचं शाळेंतलं नांव काढलं. तरी तीन महिने तिथेंच बसलों. मी रोज भांडत होतें, चला म्हणूनु. कां नाहीं निघालांत?"

"नवा माणूस आला नव्हता," सीतारामराव म्हणाले. कचेरीचं काही विचारलं की त्यांचा आवाज आपोआप सरळ होई. "चार्ज घेणारा नसला तर आपणास जातां येत नाहीं. रूलच आहे तसा."

"रूल आहे नव्हे?"

"आहे."

जयलक्ष्मीबाई वळली. डोळे पदराने पुसले आणि कात्री त्यांच्या मांडीवर नीट आडवी ठेवली.

"मी घेत नाहीं," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.